पाइपचं टोक आहे, पाणी नाही

प्रश्न: सिन्नरजवळच्या 64 प्लॉटच्या एनए (बिगरशेती) ले-आउटमध्ये आम्ही नोव्हेंबर 2021 मध्ये प्लॉट घेतला. खरेदीखत आणि ताबापावती एकाच दिवशी झाली. माहितीपत्रकात डांबरी रस्ते, बंदिस्त गटार, प्रत्येक प्लॉटला नळाचा पॉइंट, वीज असं सगळं होतं. आज तिथे मुरमाचा रस्ता आणि तारा नसलेले खांब आहेत. प्लॉटच्या कोपऱ्यात पाइपचं टोक वर आलंय. कुदळीने खणून पाहिलं तर पाइप दोन फुटांवर संपतो. आता डेव्हलपर डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बसवण्यासाठी प्रत्येकाकडे सव्वा लाख मागतोय. खरेदीखतात ‘सर्व सोयी पाहून समाधान झाले, तक्रार नाही’ असं वाक्य आहे. आमचा हक्क गेला का?

उत्तर: गेलेला नाही, पण येत्या नोव्हेंबरात तुमच्या ताब्याला पाच वर्षं पूर्ण होतात. माझ्या मते तुमच्या प्रकरणात या तारखेइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

रेरा, म्हणजे घर-जागा खरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, फक्त फ्लॅटचा, असा समज अजून बऱ्याच जणांचा असतो. जमिनीचे प्लॉट पाडून विकणं हाही त्या कायद्याने ‘प्रकल्प’च आहे, आणि 500 चौरस मीटरच्या वरच्या जमिनीला नोंदणी लागते. तुमच्या 64 प्लॉटना ती लागणारच. याच कायद्याचं कलम 14(3) पाहा: कामात, दर्जात किंवा सोयी पुरवण्यात दोष असेल आणि ताब्यापासून पाच वर्षांच्या आत तो प्रवर्तकाच्या, म्हणजे डेव्हलपरच्या, नजरेला आणला, तर 30 दिवसांत आणि जादा पैसे न घेता तो त्याने दूर करायचा. पाच वर्षांत निकाल लागायला हवा असं कलम म्हणत नाही, दोष त्याला कळवलेला हवा. तेव्हा दिवाळीची वाट पाहू नका. याच महिन्यात लेखी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि ई-मेलनेही. साइट ऑफिसातल्या पोराला तोंडी सांगितलं, ग्रुपवर टाकलं, याला पुढे कुणी विचारत नाही.

डीपीच्या सव्वा लाखालाही ‘जादा पैसे न घेता’ हेच उत्तर आहे. वीज कबूल केलेल्या सोयींत असेल, तर तिचा खर्च प्लॉटच्या किमतीत आलेला आहे. शिवाय 64 गुणिले सव्वा लाख म्हणजे 80 लाख रुपये. हा आकडा कुठून आला? महावितरणने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाची प्रत मागा. यंदाच घर बांधायची घाई असलेले शेजारी पैसे भरणारच असतील, तर ‘हक्क राखून, निषेधासह’ असं लिहून चेकने भरू द्या. रोख एक रुपया नको.

‘तक्रार नाही’ या वाक्याने फार घाबरू नका. असली वाक्यं छापील मसुद्यात आधीच असतात, खरेदीदार ती सही करताना प्रथम वाचतो. बंगळुरूच्या एका गृहप्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं, की ताबा आणि खरेदीखत घेतलं म्हणून भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही. आणि जमिनीखालची लाइन टाकीला जोडलीय की नाही, हे ताब्याच्या दिवशी वरून कोण पाहणार होतं?

आता कागद जमवा. नगररचना कार्यालयातून मंजूर रेखांकन आणि परवानगीच्या अटींची प्रमाणित प्रत काढा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. नकाशात रस्ता 9 मीटरचा दिसतो आणि जागेवर टेप लावला तर 6 भरतो, असं मी पाहिलंय. खुल्या जागेचंही क्षेत्र ताडून पाहा, कारण तिच्यावरच पुढे एखादा प्लॉट पडलेला निघतो. मग महारेराच्या (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. अंतर्गत रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाणी, पथदिवे यांचं किती टक्के काम झालं, ते तिथे प्रवर्तकाने स्वतःच भरलेलं असतं. पाण्यापुढे 100 टक्के लिहिलं असेल तर छापून ठेवा. त्याच्याविरुद्ध याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. प्रकल्प तिथे सापडलाच नाही, तर नोंदणी न करता विक्री ही वेगळी तक्रार होते, आणि तिचा दंड प्रकल्पखर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत जातो.

पैसे परत मिळतील या आशेवर राहू नका. खरेदीखत होऊन ताबा घेतल्यावर ती मागणी कमकुवत पडते. काम पूर्ण करून द्या आणि विलंबाची भरपाई द्या, असं महारेराकडे मागा, आणि शक्य तितक्या प्लॉटधारकांनी मिळून मागा. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. विकसित प्लॉट विकणं ही ‘सेवा’ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच मान्य केलंय. मात्र तिथे दोन वर्षांच्या मुदतीचा वाद आधी निघेल, म्हणून मी महारेराच निवडेन. आदेश मिळाल्यावर वसुलीला वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा.

आणि तो खणलेला खड्डा बुजवू नका. दोन शेजारी उभे करून, टेप लावून, पाइपचं तुटकं टोक दिसेल असे फोटो काढा. त्यावर तारीख आणि तिघांच्या सह्या घ्या. नोटिशीला पहिली जोडपत्रं तीच लावायची.