सर क्रीकचा वाद आणि मच्छीमार सोसायटीचा ठराव

प्रश्न : आमच्या गावचे खलाशी ओखा-पोरबंदरच्या बोटींवर जातात. पाकिस्तानने बोट धरली की आमची सोसायटी 'सर क्रीकचा वाद मिटवा' असा ठराव दिल्लीला धाडते. त्याने परराष्ट्र धोरण हलतं का? – एक वाचक, डहाणू

उत्तर : या मागणीने नाही. सर क्रीक ही कच्छ आणि सिंध यांच्यामधली ९६ किलोमीटरची खाडी. तिथे हद्द म्हणून भारत मध्यरेषा मानतो, पाकिस्तान पूर्वेचा काठ. आणि दोघंही कच्छ-सिंध हद्दीबाबतच्या मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावाचाच हवाला देतात. खाडीच्या मुखाशी हद्द ठरली नाही म्हणून पुढे समुद्रातलीही आखली गेलेली नाही. तिथे रेघ जराशी सरकली तरी पुढे मोठं क्षेत्र इकडचं तिकडे होतं. एवढं पणाला लागलेलं असताना कुठलंच सरकार ठराव वाचून माघार घेत नाही.

कच्छच्या रणाचं उदाहरण बघा. १९६८ मध्ये लवादाने वादातल्या भागाचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला दिला. त्याविरुद्ध सत्याग्रह झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वादातली हद्द ठरवणं म्हणजे प्रदेश देणं नव्हे, त्यामुळे घटनादुरुस्ती लागत नाही. बंगालमधल्या बेरुबारीबाबत १९६० मध्ये मात्र त्याच न्यायालयाने ती लागेल असं मत दिलं होतं, कारण तिथे भारताचा प्रदेश द्यायचा होता. म्हणजे लढा मोठा असूनही निवाडा अमलात आला.

सोसायटीचा जोर चालतो तो धरलेल्या माणसांच्या बाबतीत, आणि तिथे तो पूर्ण लावायला हवा. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या देतात, तीन महिन्यांत दूतावासाच्या अधिकाऱ्यांना भेट मिळायची असते, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व पटलं की महिन्याभरात सुटका. घोडं अडतं ते राष्ट्रीयत्वापाशी. खलाशी पालघरचा, बोट गुजरातची. पत्ता मालकाच्या बंदराचा लागला किंवा नावात चूक झाली की पडताळणीचा कागद भलत्याच पोलीस ठाण्यात फिरत राहतो.

म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधीच, माणसं गुजरातला निघण्यापूर्वी, प्रत्येकाच्या आधारची आणि मच्छीमार ओळखपत्राची छायाप्रत, बोटीचा नोंदणी क्रमांक, तांडेलाचं (बोटीच्या प्रमुखाचं) नाव आणि मालकाचा फोन सोसायटीच्या कपाटात ठेवा. बोट धरल्याचं कळताच हा संच जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि खासदार या तिघांकडे त्याच दिवशी द्या, पोच घ्या.

ठरावाऐवजी खासदारामार्फत लोकसभेत प्रश्न लावा. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न नेमका हवा: शिक्षा संपूनही किती मच्छीमार आत आहेत, त्यांपैकी किती जणांची पडताळणी बाकी आहे आणि ती कोणत्या राज्याकडे? 'सरकार काय करत आहे' असं विचाराल तर 'प्रयत्न सुरू आहेत' एवढंच उत्तर येईल. जोडीला, दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची कैद्यांसाठीची समिती पुन्हा कामाला लावा अशी मागणी करा. २०१३ नंतर ती थंडावली आहे. हे पत्र गुजरातच्या सोसायट्यांच्या सह्यांसह जावं, कारण बोटी त्यांच्या आहेत.