चेस चालतं, मग डार्ट का नको?

निपाणीच्या ताईंना नमस्कार. तुमचा मेल वाचला. मुलगा नववीत, पाचवीपासून चेस खेळतोय, आणि सुट्टीत पुण्याच्या मावसभावाकडनं डार्टबोर्ड घेऊन आला तेव्हापासनं घरात रोजची कटकट. मिस्टर म्हणतात चेस डोक्याचा खेळ, डार्ट म्हणजे बारमधला टाइमपास, मुलगा म्हणतो डार्टवाला ल्यूक लिटलर बघा किती कमावतो. आणि तुम्ही विचारताय की बुद्धी कशानं वाढेल आणि करिअरला काय कामाला येईल.

आधी मिस्टरांचं घेऊ. बारचं खरं आहे, इंग्लंडात डार्ट पबमधेच वाढला, आपल्याकडे गणपती मंडळाच्या खोलीत कॅरम वाढला तसाच. पण डोकं लागत नाही हे काय पटत नाही बघा. 501 पासनं वजा करत शून्यावर यायचं आणि शेवटचा बाण डबलमधेच, म्हणजे आकड्याचे दुप्पट गुण देणाऱ्या बाहेरच्या बारीक पट्टीतच, लागला पाहिजे, म्हणजे पोरगं दर फेरीला तोंडी वजाबाकी करतंय आणि पुढचा हिशोबपण लावतंय. त्याला विचारा 32 उरलेले सगळ्यांना का आवडतात. डबल 16 मारायला गेला आणि चुकून साधा 16 लागला तरी 16 उरतात, मग डबल 8, तिथं चुकलं तर डबल 4, असं खाली येत राहतं. 40 वर तसं नाही, डबल 20 पासनं सुरू करून दोनदा असंच चुकलं की 10 उरतात आणि पुढं साधा 5 लागला की आकडा विषम, म्हणजे एक बाण नुसता आकडा सम करण्यात जातो. त्यात बोर्डावर 20 च्या दोन्ही बाजूला मुद्दाम 1 आणि 5 ठेवलेत, म्हणून हात पक्का नसलेल्यानं ट्रिपल 20 च्या, म्हणजे 20 च्या तिप्पट गुणांच्या पट्टीच्या मागे लागण्यापेक्षा खाली डावीकडे 19, 7, 16, 8 च्या भागात मारलेलं बरं पडतं. हे पोराला ठाऊक असेल तर तो नुसता टाइमपास करत नाहीये.

आणि मनाचं म्हणाल तर एरिक ब्रिस्टोचं उदाहरण घ्या. पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला माणूस, पण 1986-87 च्या सुमारास त्याचा बाण हातातनं सुटेनाच, हात धड असून. त्याला डार्टायटिस म्हणतात. चेसमधे खरी मेहनत चाल ठरवण्यात असते, सोंगटी उचलून ठेवायला काय लागत नाही. डार्टमधे कुठं मारायचं हे बहुतेक वेळा दोन सेकंदात ठरतं, पण हजार वेळा केलेलं तेच काम लोक आरडाओरडा करत असताना परत तसंच करणं ही खरी परीक्षा. दोन्ही मनाच्याच गोष्टी, पण वेगळ्या.

आता जरा कडू बोलतो. चेसनं सगळी बुद्धी वाढते हे क्लासवाले सांगतात तेवढं खरं नाही. इंग्लंडात शंभरेक प्राथमिक शाळांत चेस शिकवून बघितलं, 2016 ला निकाल आला, मुलांच्या गणितात फरक दिसला नाही. मोठे खेळाडू खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद बघून आठवतात, पण सोंगट्या कशाही टाकल्या की त्यांची आठवण आपल्या जवळपास येते. म्हणजे चेसनं मुख्यतः चेस सुधारतं. तेव्हा मार्कांसाठी खेळवत असाल तर नको, आवडतं म्हणून खेळू दे.

करिअरला मात्र दोन्ही सारखे नाहीत, इथं मी मिस्टरांच्या बाजूला. लिटलरनं 2025 ला सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकून पाच लाख पौंड घेतले हे खरं, पण ती सगळी व्यवस्था तिकडची, निपाणीत बसून त्या वाटेला लागायचं कसं हे मला सांगता येणार नाही. चेसला पायऱ्या आहेत. रेटिंगवाल्यांशी निदान 5 गेम झाले की पहिलं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, पुढं टायटल, ग्रँडमास्टरला 2500 रेटिंग आणि 3 नॉर्म, म्हणजे मोठ्या स्पर्धेतली ठरलेल्या दर्जाची कामगिरी तीनदा. केंद्राच्या स्पोर्ट्स कोट्याच्या यादीतपण चेस आहे. गुकेश अठराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला, नागपूरची दिव्या देशमुख 2025 ला महिलांचा वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, पण त्यांच्याकडे बघून शाळा सोडवू नका, तिथवर पोचणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके.

आपल्या सीमाभागातला एक घोळ आधीच सांगतो. राहता कर्नाटकात, म्हणजे स्टेट सिलेक्शन कर्नाटकाकडनंच खेळायचं, घरात मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्राकडनं चालत नाही. ओपन रेटिंग टूर्नामेंटला मात्र राज्याची अडचण नाही, कोल्हापूर-सांगलीला खुशाल पाठवा. सांगलीत चेसची जुनी परंपरा आहे, भाग्यश्री ठिपसे, स्वाती घाटे तिथल्याच.

बोर्ड काढू नका. उभं राहायची रेघ बोर्डापासनं 2.37 मीटरवर मारा, बुल म्हणजे बोर्डाचा मधला ठिपका जमिनीपासनं 1.73 मीटर, दारामागे अजिबात टांगू नका, आणि अभ्यासानंतर अर्धा तास खेळू द्या. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं वर्ष सुरू झालं की टूर्नामेंट मोजक्या ठेवा. त्याचं रेटिंग आलंय का नाही हे मेलमधे लिहिलंच नाही तुम्ही, तेवढं कळवा, आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घ्यायचं हे त्याचं ठरलंय का मिस्टरांचं, तेपण.