वाचकांचे प्रश्न: उपलब्धता 99 टक्के, तरी वीज का जाते?

प्रश्न (एक वाचक, ठाणे): पारेषण कंपन्या आपल्या जाळ्याची उपलब्धता 99 टक्क्यांच्या वर असल्याचे सांगतात. मग 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज भर सकाळी एकदम कशी गेली? हे आकडे खोटे असतात का?

उत्तर: आकडे खोटे नसतात. उपलब्धतेतून वाहिन्या आणि रोहित्रे किती तास सेवेस सज्ज होती एवढेच समजते; ग्राहकाला वीज मिळाली की नाही, हे त्यात मोजलेलेच नसते. मुळात हा आकडा वसुलीच्या हिशेबासाठी आहे. केंद्रीय वीज विनियामक आयोगाच्या नियमांनुसार एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) पारेषण यंत्रणेची उपलब्धता 98 टक्के भरली, की कंपनीला वार्षिक स्थिर आकार, म्हणजे यंत्रणेच्या खर्चापोटी वर्षाला ठरलेली रक्कम, पूर्ण वसूल करता येतो. वर्षाच्या 8,760 तासांतले दोन टक्के म्हणजे सुमारे 175 तास, अर्थात सात दिवसांहून अधिक काळ.

शिवाय ही संपूर्ण जाळ्याची सरासरी असते आणि तिच्यात प्रत्येक घटकाला त्याच्या लांबीनुसार व क्षमतेनुसार वजन दिलेले असते. ती वाहिनी कोणत्या शहराच्या तोंडाशी आहे आणि कोणत्या घटकेला बंद पडली, याला तिथे काही किंमत नसते. समजा, एका कंपनीकडे सारख्या लांबीच्या व क्षमतेच्या 500 वाहिन्या आहेत आणि 30 दिवसांच्या महिन्यात त्यांपैकी तीन वाहिन्या प्रत्येकी 12 तास बंद राहिल्या. उपलब्धता घटेल ती फक्त 0.01 टक्क्याने. त्या तीन वाहिन्या राज्याच्या तीन कोपऱ्यांत तीन वेगवेगळ्या रात्री बंद पडल्या, तर कोणाला पत्ताही लागणार नाही. पण एकाच शहराला वीज पोहोचवणाऱ्या तिन्ही वाहिन्या एकाच वेळी बंद पडल्या, तर ते शहर ठप्प होईल. दोन्ही महिन्यांचा आकडा मात्र सारखाच दिसेल.

12 ऑक्टोबरला जवळपास हेच घडले. पडघा ते कळवा या 400 किलोव्होल्ट वाहिनीची दोन्ही सर्किटे (तारांचे दोन स्वतंत्र संच) त्या सकाळी आधीच बंद झालेली होती आणि दहाच्या सुमारास पुण्याकडून खारघरला येणारी वाहिनीही ट्रिप झाली, म्हणजे संरक्षण यंत्रणेने ती आपोआप तोडली. उरलेल्या मार्गांना तो भार पेलवला नाही. अशा वेळी मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्थानिक निर्मितीवर चालू ठेवण्याची आयलँडिंग योजना 1981 पासून अस्तित्वात होती. पण त्या दिवशी ते बेटही तगले नाही आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

तेव्हा नियोजनातला ‘एन वजा एक’ हा निकष, म्हणजे कोणताही एक घटक गेला तरी पुरवठा अबाधित राहिला पाहिजे, हा कागदावरच्या पूर्ण जाळ्याला लावून भागत नाही. दुरुस्तीसाठी एक सर्किट बंद केले, की त्या क्षणापासून जाळे वेगळे असते आणि उरलेल्या वाहिन्यांपैकी आणखी एक गेली तर काय होईल, हे त्याच दिवशीच्या भारावर पुन्हा तपासावे लागते.

ग्राहकाच्या बाजूने मोजायचे असेल, तर न पुरवलेली ऊर्जा मोजावी. तिचे ‘सिस्टिम मिनिट’ हे एक चांगले माप आहे: तुटलेला भार गुणिले मिनिटे, भागिले यंत्रणेची कमाल मागणी. समजा 24,000 मेगावॅट कमाल मागणीच्या यंत्रणेत 2,000 मेगावॅट भार 60 मिनिटे तुटला, तर ती पाच सिस्टिम मिनिटे झाली. जोडीला दर 100 किलोमीटरमागे वाहिनी वर्षातून किती वेळा ट्रिप होते, हेही प्रसिद्ध व्हावे असे माझे मत आहे. उपलब्धतेच्या टक्केवारीपेक्षा या दोन आकड्यांतून जाळ्याची प्रकृती लवकर कळते.

प्रश्न (एक ऊस उत्पादक, कोल्हापूर जिल्हा): पाचट पेटवल्यामुळे वरची 220 केव्ही लाइन बंद पडली, असे कर्मचारी म्हणतात. तारा इतक्या उंच असताना ज्वाळा तिथवर पोहोचतच नाहीत. मग हे खरे कसे मानायचे?

उत्तर: ते खरे आहे. ज्वाळेने तारेला स्पर्श करण्याची गरज नसते. तारेभोवतीची हवा हेच तिचे इन्सुलेशन असते. ती तापून विरळ झाली आणि तिच्यात काजळीचे कण मिसळले, की तिची विद्युत सहनशक्ती पुष्कळ घटते आणि तारेतून जमिनीकडे किंवा दोन तारांमध्ये ठिणगी पडते. विजेच्या कडकडाटाने पडलेली ठिणगी क्षणात विझते, म्हणून ब्रेकर (वाहिनी तोडणारा व जोडणारा स्विच) साधारण सेकंदाभरात आपोआप पुन्हा जोडला जातो आणि पुष्कळदा वाहिनी सावरते. शेतातली आग सेकंदात विझत नाही, त्यामुळे पुन्हा जोडलेली वाहिनी पुन्हा ट्रिप होते. एकाच मनोऱ्यावर दोन सर्किटे असतील तर धुरात दोन्ही सापडतात आणि ‘एन वजा एक’चा आधारही उरत नाही. तारांखालच्या पट्ट्यातले पाचट न पेटवता कुट्टी करून रानातच कुजवावे. जमिनीलाही त्याचा फायदा होतो.

प्रश्न (अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, पुणे): विश्वासार्हता सुधारण्यासाठी नव्या वाहिन्या उभारणे हाच मुख्य उपाय आहे का?

उत्तर: मुंबईसारख्या, मोजक्याच मार्गांनी वीज आत येणाऱ्या शहराला नवे मार्ग लागतातच आणि खारघर–विक्रोळी ही 400 किलोव्होल्ट वाहिनी त्याच गरजेतून उभी राहिली. तरी केवळ वाहिन्या वाढवून भागत नाही. 30 जुलै 2012 च्या पहाटे उत्तरेचे जाळे कोसळले, तेव्हा बीना–ग्वाल्हेर मार्गाचे एक सर्किट 765 किलोव्होल्टपर्यंत उन्नत करण्याच्या कामासाठी बंद होते आणि दुसरे कोणताही बिघाड नसताना ट्रिप झाले. बिघाड किती अंतरावर आहे हे ओळखून वाहिनी तोडण्याचा आदेश देणाऱ्या उपकरणाला डिस्टन्स रिले म्हणतात; वाढलेला भार पाहून त्याच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत दूरवर नजर ठेवणाऱ्या झोनने तो दूरचा बिघाड समजला होता. दुसऱ्याच दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी कोसळली. चौकशी समितीने संरक्षण यंत्रणेची त्रयस्थामार्फत तपासणी सुचवली, ती याचसाठी.

माझ्या मते रिलेचे सेटिंग हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. जवळच नवे उपकेंद्र झाले किंवा वाहिनी मध्ये तोडून त्यात घेतली, तर दोन्ही टोकांची सेटिंग त्याच दिवशी नव्याने काढली पाहिजेत. त्याखालोखाल जम्पर आणि क्लॅम्प (तारा जोडणारे तुकडे व पकडी) तापले आहेत का हे थर्मल कॅमेऱ्याने पाहणे, किनारपट्टीवर क्षार साचणाऱ्या चिनी मातीच्या चकत्यांच्या जागी पॉलिमर इन्सुलेटर बसवणे आणि मनोऱ्याच्या पायथ्याचा अर्थिंग रोध (जमिनीत वीज उतरताना होणारा अडथळा) साधारण 10 ओहमच्या आत राखणे ही कामे येतात. मात्र यांतल्या काही कामांसाठी वाहिनी बंद ठेवावी लागते आणि नियोजित बंदचे तासही बहुधा उपलब्धतेतून वजा होतात. त्यामुळे आकडा सांभाळण्यासाठी दुरुस्ती पुढे ढकलण्याचा मोह होतो. वाहिनी चालू असतानाच काम करणारी प्रशिक्षित हॉटलाइन पथके हवीत, ती या मोहावरचा उपाय म्हणूनही.