गेट-जीआरईच्या आधी स्वतःचा सिलॅबस उघड

तुझा मेसेज नीट वाचला. मिरजेच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकचा मेकॅनिकल डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला बी.ई., कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, आता शेवटचं वर्ष, सीजीपीए १० पैकी ७.६, एम-थ्रीची (गणिताच्या तिसऱ्या पेपरची) केटी, म्हणजे राहिलेला विषय, आता सुटलेली. पुढच्या हिवाळी सत्राला जर्मनीत मास्टर्सला यायचंय. प्रश्न तीन: डिप्लोमावाल्यांना गेट (एम.टेक.च्या प्रवेशासाठीची परीक्षा) देता येते का, तिला ६० टक्के लागतात का, आणि जर्मनीसाठी गेट द्यायची की जीआरई (परदेशी विद्यापीठं मागतात ती परीक्षा). मी सांगलीच्या विश्रामबागेतली, आता स्टुटगार्टला नोकरी करते. आपल्याकडच्या मुलामुलींचे कागद अधूनमधून बघत असते, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी सोपं उरकू. गेटची पात्रता अगदी साधी आहे. पदवीच्या तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वर्षात असलेला किंवा पदवी पूर्ण झालेला कोणीही फॉर्म भरू शकतो. वयाची अट नाही, टक्क्यांची नाही, केटी कोणी विचारत नाही. नुसत्या डिप्लोमावर बसता येत नाही, पण तू बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला आहेस, त्यामुळे तुझा प्रश्न मिटला. तिसऱ्या वर्षापासून बसू देण्याची सोय २०२१ च्या परीक्षेपासून झाली. तुझे सीनियर 'फायनल इयरच लागतं' म्हणतात तो त्याआधीचा नियम. ६० टक्के ही अट परीक्षेची नसून एम.टेक.च्या प्रवेशाची आहे. बऱ्याच संस्था प्रवेश देताना ती लावतात, आणि क्लासवाले दोन्ही एकत्र करून सांगतात. जीआरईला तर वय आणि पदवी दोन्हीची अट नाही. पासपोर्ट हवा आणि फी भरायची तयारी हवी.

म्हणजे दोन्ही परीक्षांना तू पात्र आहेस. पण तुझ्या मेसेजमध्ये जो प्रश्नच नाही, त्यावर तुझा प्रवेश अवलंबून आहे. आपण सीईटीच्या वातावरणात वाढतो. परीक्षा, मग रँक, मग कॅप राउंड, मग कॉलेज. परीक्षेला बसायला पात्र म्हणजे प्रवेशाला पात्र, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे तसं चालत नाही. इथला विभाग आधी बघतो की तू पदवीला नेमकं काय आणि किती शिकलीस. गणिताचे इतके क्रेडिट, मेकॅनिक्सचे इतके, थर्मो आणि फ्लुइडचे इतके, असा तक्ता प्रवेशाच्या नियमावलीत दिलेला असतो. त्यात कमी पडलीस तर जीआरईचे १७० पैकी १७० सुद्धा उपयोगाचे नाहीत. इथल्या क्रेडिटला ईसीटीएस म्हणतात. एका वर्षाचे ६०, म्हणून जर्मन बॅचलर १८० किंवा २१० ची असते. तुझ्या मार्कशीटवरचे क्रेडिट थेट तेवढेच धरले जात नाहीत, विभाग ते आपल्या हिशोबात बदलून घेतो.

आता डायरेक्ट सेकंड इयरची खरी अडचण. तुझी बी.ई.ची मार्कशीट तिसऱ्या सेमिस्टरपासून सुरू होतात. पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू, फिजिक्स, केमिस्ट्री, बेसिक इलेक्ट्रिकल तुझ्या कागदांवर नाहीतच. इथल्या बाईंनी किंवा साहेबांनी फाइल उघडली की त्यांना चार वर्षांच्या पदवीची सहाच सेमिस्टर दिसतात, आणि गणिताच्या रकान्यात एकटं एम-थ्री, तेही केटी सुटून मिळालेलं. डिप्लोमाचं गणित काही विभाग धरतात, काही धरत नाहीत, कारण दहावीनंतरच्या डिप्लोमाचा काही भाग त्यांच्या दृष्टीने शाळेत मोडतो. यावर भांडून उपयोग नाही. डिप्लोमाची सगळी मार्कशीट आणि प्रमाणपत्र प्रत्येक अर्जासोबत न मागता जोड. अर्जातल्या पत्रात दोन ओळींत स्पष्ट लिही की महाराष्ट्रात डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि माझं शिक्षण १० अधिक ३ अधिक ३ असं एकूण १६ वर्षांचं आहे. आणि गणिताची अट कडक नाही असेच विभाग निवड. प्रॉडक्शन, एनर्जी, ऑटोमोटिव्ह यांचे काही अभ्यासक्रम कंट्रोल किंवा कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्सइतकं गणित मागत नाहीत. पण नावावरून ठरवू नकोस, प्रत्येकाचा तक्ता उघडून बघ.

यासाठी तुला विषयांची पुस्तिका करावी लागेल, आणि हे काम परीक्षेच्या अभ्यासाइतकंच मनावर घे. प्रत्येक विषयाचं नाव, तास, क्रेडिट, युनिटवार मजकूर आणि संदर्भ पुस्तकं. सिलॅबस विद्यापीठाच्या वेबसाइटवर मिळतो, पण तुझ्या बॅचला लागू असलेलाच घे. दर काही वर्षांनी पॅटर्न बदलतो आणि नवा सिलॅबस जोडला की मार्कशीटवरच्या विषयांची नावं जुळत नाहीत. वालचंद किंवा कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजसारख्या स्वायत्त कॉलेजांतल्या मुलांनी आपल्या कॉलेजचाच सिलॅबस घ्यायचा. पुस्तिकेवर विभागप्रमुखांची सही-शिक्का घेऊन ठेव. सर एकदा सुट्टीवर गेले की महिना जातो.

सीजीपीएबद्दल तू घाबरू नकोस, पण एक गोष्ट तपास. इथे गुण १ ते ४ मध्ये बदलतात, १ सर्वांत चांगला. सूत्र असं: जास्तीत जास्त गुणांतून तुझे गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. तुझे ७.६ घेतले आणि उत्तीर्ण व्हायला किमान ४ धरले तर २.२ येतात. तेच किमान ५ धरले तर २.४. बऱ्याच ठिकाणी २.५ ची मर्यादा असते, म्हणजे हा फरक किरकोळ नाही. म्हणून ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाच्या सगळ्या गुणांच्या एकत्र उताऱ्यावर) किंवा वेगळ्या पत्रावर किमान उत्तीर्ण ग्रेड पॉइंट किती ते छापलेलं असायलाच हवं. ट्रान्सक्रिप्टसाठी कोल्हापूरला विद्यापीठात जाशील तेव्हा हे पत्रही माग.

आता गेट की जीआरई. माझं स्पष्ट मत: यंदा गेट दे, जीआरई थांबव. गेटचा फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतो, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. म्हणजे इथल्या मे ते जुलैच्या मुदतींना तो हाताशी असतो. मुलींना फी निम्मी आहे आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. जर्मनी हुकलं तर आयआयटी-एनआयटीत एम.टेक. आणि महिना १२,४०० रुपयांचं विद्यावेतन हा मार्ग उघडा राहतो. तुझ्या घरी बाबांना ही गोष्ट पटेल. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचे काही अभ्यासक्रम भारतातल्या पदवीधरांकडून जीआरई किंवा गेट मागतात. सिंगापूरची दोन मोठी विद्यापीठंही भारतीय पदवीधरांचा गेट स्कोअर मान्य करतात. पण अनेक जर्मन विभाग यांपैकी काहीच मागत नाहीत. आधी सहा-सात अभ्यासक्रमांची यादी कर. त्यांत कोणी जीआरईच मागत असेल तर मगच ती दे. ती वर्षभर कधीही देता येते, दोन प्रयत्नांत २१ दिवसांचं अंतर लागतं, स्कोअर पाच वर्षं चालतो, आणि २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत संपते. घरून देता येते, पण तासगावला लाईटचा भरवसा नाही, पुण्याला केंद्रावर जाऊन दे. इंग्रजीची आयईएलटीएस किंवा टोफेल मात्र जवळपास सगळीकडे लागते, आणि ती दोनच वर्षं चालते.

नावाचं आत्ताच बघ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, असं असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. पासपोर्टवर जसं आहे तसंच प्रत्येक परीक्षेच्या फॉर्ममध्ये भर. दहावीच्या प्रमाणपत्रावर एखादं अक्षर वेगळं असेल तर तहसीलच्या आवारात प्रतिज्ञापत्र करून ठेव.

भारतातल्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र लागतं. फी १८,००० रुपये, आणि वेळ आठवड्यांत मोजायचा. डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांनी तिथेही डिप्लोमाची मार्कशीट जोडायची. अनेक विद्यापीठं अर्ज यूनि-असिस्ट या सामायिक अर्ज केंद्रामार्फत घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणून वीस ठिकाणी अर्ज टाकणं म्हणजे पैशांचा चुराडा.

पैशांचं बाबांना नीट सांग. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ काढता येतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण माझ्या स्टुटगार्टसकट बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या त्या विद्यापीठात २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो झालेत. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्राचा खर्च त्यातून निघेल असं धरून कर्ज कमी काढू नकोस.

बारावी न केल्याचा न्यूनगंड तुझ्या मेसेजमध्ये दोन ठिकाणी डोकावतो. तो सोड. मशीन शॉपमध्ये हात काळे करून आलेली मुलगी इथल्या प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात उठून दिसते, हे मी पाहिलंय. कागदावरची गणिताची जागा तेवढी भरून काढायची आहे. शेवटच्या वर्षात न्यूमरिकल मेथड्स किंवा फायनाइट एलिमेंटचा ऐच्छिक विषय मिळत असेल तर तोच घे.

तिसऱ्या सेमिस्टरपासूनची विषयांची यादी क्रेडिटसह आणि तुला आवडलेल्या अभ्यासक्रमांचे दुवे पाठव. रविवारी दुपारी, तुमच्याकडे संध्याकाळ होते तेव्हा, फोनवर एकेक तक्ता लावून बघू. तोवर गेटचा फॉर्म भरून टाक.