बाबा फक्त रहस्यकथाच आणतात, काय करू?

प्रश्न (ठाणे) : ताई, बाबा रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी वाचनालयात जातात पण आणतात काय तर रहस्यकथा, त्यातल्या निम्म्या आधीच वाचलेल्या, आणि ते त्यांना तीसेक पानं झाल्यावर कळतं. मी चांगली चरित्रं आणून टीपॉयवर ठेवली तर हात लावत नाहीत. त्यांचं वाचन कसं सुधारू?

उत्तर : सुधारायचं काही नाहीये हो यात. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. वाचक इथे बाबा आहेत, त्यामुळे निवड पण त्यांचीच.

पण तीच पुस्तकं परत परत का येतात ते बघायला एकदा त्यांच्यासोबत जा. रोज येणारे बरेच सभासद कपाटांकडे फिरकतच नाहीत, काउंटरवर नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा असतो त्यातूनच उचलतात, कोणीतरी वाचून आणलंय म्हणजे बरं असणार असा हिशोब असतो आणि खालच्या कप्प्यासाठी वाकायला गुडघेही साथ देत नाहीत. आता त्या गठ्ठ्यात जास्त खपणारीच पुस्तकं फिरत राहणार ना, म्हणजे तुमच्या बाबांच्या हातात तीच येणार. त्यांना एक छोटी वही द्या, पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहायचं, बास. काहीजण वाचलेल्या पुस्तकात पेन्सिलने खूण करून ठेवतात, ते मात्र नको, पुस्तक सगळ्यांचं असतं.

आणि त्यांना निवांत विचारा की रहस्यकथेत नेमकं काय आवडतं. गुन्हेगार आपण आधी ओळखला याची मजा येत असेल तर गाजलेल्या खटल्यांवरची पुस्तकं, निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी नक्की आवडतील, आणि नुसता वेग आवडत असेल तर शिकारकथा, युद्धकथा, गिर्यारोहणाची पुस्तकं. ही घरी आणून समोर ठेवू नका, काउंटरवरच्या माणसाला सांगून ठेवा. मुलाने दिलेलं पुस्तक अभ्यासासारखं वाटतं, तेच ग्रंथपालाने "काका, हे बघा" म्हणून दिलं की लगेच पिशवीत जातं.

प्रश्न (पुणे) : मी एमपीएससी करतोय, सकाळी सात ते रात्री अभ्यासिकेत असतो, पुस्तकं माझीच. एक सभासद म्हणाले तुम्ही पोरं वाचनालय वापरत नाही, फक्त जागा अडवता. खरंय का?

उत्तर : अजिबात नाही. ज्याच्या घरी एकाच खोलीत पाच माणसं आणि टीव्ही आहे त्याला शांत टेबल देणं हे वाचनालयाचंच काम आहे. फक्त तू तिथे आहेसच तर संदर्भ विभागात जाऊन ये. मराठी विश्वकोशाचे २० खंड, जिल्ह्यांची गॅझेटिअर्स म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, ही पुस्तकं घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचायची असतात, आणि दिवसभर तिथे बसणारा तूच आहेस!

प्रश्न (कोल्हापूर) : नवीनच सभासद झाले. एवढी कपाटं बघून गोंधळते, कोणीतरी सुचवलेली कादंबरी आणते, ती अर्धवट राहते आणि न वाचता परत करायची लाज वाटते.

उत्तर : लाज कसली, वर्गणी भरलीये ती यासाठीच. विकत आणलेलं पुस्तक पैसे गेले म्हणून रेटलं जातं, इथे उद्या बदलून मिळतं. वाचनालयातच खुर्चीवर बसून आधी मधलीच चार पानं वाचा, पहिलं पान सगळेच लेखक घासूनपुसून लिहितात, मधल्या पानावर भाषा पटली तर घ्या. काउंटरवर विचारताना "काहीतरी चांगलं द्या" म्हणू नका, शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक सांगा, मग ते सासूबाईंचं पाककृतींचं असलं तरी चालेल, त्यावरून त्यांना अंदाज येतो.

आणि दिवाळी अंकांची योजना जरूर घ्या. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासूनची ही आपली परंपरा आहे. एकाच अंकात कथा, लेख, प्रवास, कविता सगळं असतं, ज्याचं लिखाण आवडेल त्याचं नाव टिपून ठेवायचं आणि पुढचं पुस्तक त्याचं मागायचं. ठरावीक रक्कम भरून भरपूर अंक आळीपाळीने वाचायला मिळतात, पण चांगले अंक लवकर बाहेर जातात, तेव्हा नाव दिवाळीच्या आधीच नोंदवा.