जुन्या मोझेकवर टाइल्स बसवताना

प्रश्न : सांगलीतील आमच्या जुन्या घरात मोझेकची फरशी आहे. ती न उखडता १० बाय १२ फुटांच्या खोलीत दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स स्वतःच बसवण्याचा विचार आहे. ओळखीचे गवंडी सिमेंटच वापरा म्हणतात, तर दुकानदार ॲडेसिव्ह (टाइल चिकटवण्याचे तयार मिश्रण) सुचवतो. काय घ्यावे आणि कोणती हत्यारे लागतील?

उत्तर : तुमच्या कामासाठी दुकानदाराचा सल्ला योग्य आहे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही, तिचे शोषण ०.५ टक्क्याच्या आत असते. सिमेंटचा माल ज्या बारीक छिद्रांत शिरून टाइलला धरतो, ती छिद्रेच तिच्यात नसल्यामुळे काही महिन्यांत टाइल सुटून पोकळ वाजू लागण्याचा धोका राहतो. शिवाय मालाचा थर दीड-दोन इंचांचा होतो आणि तेवढी उंची वाढली की दारे उघडत नाहीत. ॲडेसिव्हचा थर तीन ते सहा मिलिमीटरचा पुरतो. पिशवीवर आयएस १५४७७ हे भारतीय मानक आणि टाइप, म्हणजे ॲडेसिव्हचा प्रकार, हे दोन्ही पाहावे. टाइप १ घेऊ नये, आणि जुन्या फरशीवर वापरण्यास चालते असे स्पष्ट छापलेलेच घ्यावे. वीस किलोची पिशवी साधारण ५० चौरस फुटांना पुरते, म्हणजे तुम्हाला तीन पिशव्या लागतील.

मात्र त्याआधी जुनी फरशी तपासणे अत्यावश्यक आहे. लाकडी दांड्याने प्रत्येक लादी वाजवून पाहावी आणि जी पोकळ वाजेल ती काढून तेथे माल भरून घ्यावा, कारण खालची लादी हलत असेल तर वरचे कितीही महाग ॲडेसिव्ह उपयोगाचे नाही. मोझेकवर वर्षानुवर्षांचे पॉलिश आणि तेलकटपणा असतो. तो धुऊन काढून ग्राइंडरने पृष्ठभाग खरखरीत करावा.

टाइल्सच्या खोक्यात बहुधा चार नग, म्हणजे सुमारे १५.५ चौरस फुटांच्या टाइल्स असतात. तुटफुटीचे दहा टक्के आणि स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीच्या) चार टाइल्स धरून दहा खोकी घ्यावीत, आणि सर्व खोक्यांवर शेड व बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री दुकानातच करावी. पैसे जपून वापरायचे असतील तर टाइल थोडी साधी घ्यावी, ॲडेसिव्हमध्ये काटकसर करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हत्यारांपैकी दातेरी थापीला पर्याय नाही. तिने ॲडेसिव्ह एकाच दिशेने ओढले की सरळ नाल्या उमटतात आणि टाइल दाबताना हवा त्यांतून बाहेर निघते. गवंड्यांच्या सवयीप्रमाणे चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवले तर मधला भाग पोकळ राहतो आणि जड वस्तू पडताच टाइल तिथेच फुटते. टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसावी आणि पाठीलाही पातळ थर द्यावा. टाइल्स पाण्यात भिजवू नयेत. सुरुवातीला दोन-तीन टाइल्स बसवल्यावर एक उचलून पाहावी. पाठ सर्वत्र माखलेली नसेल तर थापी मोठ्या दातांची हवी. याशिवाय लेव्हल पट्टी, गुण्या, लाइनदोरी, रबरी हातोडा आणि टाइल्समधली फट सारखी ठेवणारे दोन मिलिमीटरचे स्पेसर एवढे विकत घ्यावे. सरळ कापांसाठी लागणारा सरकता कटर भाड्याने आणला तरी चालेल. कोपऱ्यांच्या खाचांसाठी ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावावे लागते; कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांना खरोखर घातक असल्यामुळे मास्क आणि चष्मा लावूनच हे काम करावे.

प्रश्न : सांध्यांत पांढरे सिमेंट भरावे की ग्राउट?

उत्तर : पांढरे सिमेंट पुसण्याचे पाणी शोषते आणि लवकर काळे पडते, म्हणून ते टाळावे. खोलीला सिमेंटयुक्त तयार ग्राउट पुरेसे आहे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात इपॉक्सी (रेझिनचे) ग्राउट महाग असले तरी घ्यावे. मात्र ते लवकर घट्ट होते, त्यामुळे थोडे थोडे कालवावे आणि टाइलवर सांडलेले लगेच पुसावे. टाइल्स बसवल्यानंतर किमान २४ तास सांधे भरू नयेत, आणि भिंतीलगत पाच-सहा मिलिमीटरची फट मोकळीच ठेवावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते आणि उन्हाळ्यात फरशी प्रसरण पावली तरी टाइल्स उचलल्या जात नाहीत.