कळलं, पण विचारता येईना

“मुलीच्या फोनवर लक्ष ठेवणारं ॲप टाकलं तर बिघडलं कुठे? फोन आम्हीच घेऊन दिलाय, रिचार्जही आमचाच.” पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे आईवडील समुपदेशनाला आले की हा प्रश्न हमखास निघतो. ॲप टाकण्याआधी विचारणारे थोडे. बाकीचे टाकून बसलेले असतात आणि घरात भडका उडाल्यावर येतात.

हे कुटुंब दुसऱ्या प्रकारातलं. नावं बदलली आहेत, शिवाय ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत. सायली पंधरा वर्षांची. काही महिन्यांत तिच्या खोलीचं दार लागायला लागलं, फोनचा पॅटर्न बदलला, जेवताना फोन पालथा पडायला लागला. वडिलांची काळजी खोटी नव्हती. फोटोंवरून मुलींना धमकावल्याचे प्रकार त्यांच्या कानावर आले होते. एका रात्री ती झोपल्यावर त्यांनी तिचं बोट अलगद फोनला लावून तो उघडला.

पुढचं काम वीस मिनिटांचं होतं. असली लपून राहणारी ॲप्स गूगल प्लेवर अधिकृतपणे मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२० पासून तिथला नियम असा की मुलांवर देखरेख करणाऱ्या ॲपनं स्वतःला हेरगिरीचं साधन म्हणवायचं नाही, लपायचं नाही आणि आपण चालू असल्याची सूचना फोनवर कायम दाखवायची. म्हणून विकणाऱ्या कंपन्या आपल्या साइटवरून फाइल थेट उतरवायला सांगतात आणि त्याआधी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली घातक ॲप्स शोधणारी गूगलची सोय, बंद करायला लावतात. म्हणजे मुलीच्या सुरक्षिततेसाठी पहिलं पाऊल कोणतं, तर तिच्या फोनचा पहारेकरी झोपवायचा! तो त्यानंतर तीन महिने झोपलेलाच होता. त्या काळात दुसरं काही घातक ॲप फोनमध्ये शिरलं असतं तरी कुणी हटकलं नसतं.

त्यानंतर ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अँड्रॉइडमध्ये एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही, आणि व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत कूटबद्ध असतात, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येत नाहीत. पण पडद्यावर आलेला मजकूर वाचून दाखवण्याची सोय अंध वापरकर्त्यांसाठी केलेली आहे. तीच सोय ही ॲप्स वापरतात. कुलूप फोडायची गरजच पडत नाही. पडद्यावर उमटलेली आणि टाइप केलेली अक्षरं उचलून ती कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात, आणि तिथून ती वडिलांच्या डॅशबोर्डवर, म्हणजे कंपनीच्या साइटवरच्या त्यांच्या खात्यात, दिसतात. मध्ये एक तिसरा माणूस बसलेला आहे, हे वडिलांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मुलीचे मेसेज, फोटो, ती कुठे आहे याचा पत्ता, सगळं एका अनोळखी कंपनीकडे साठत होतं. या धंद्यातल्या कंपन्यांकडून असा माल फुटल्याची उदाहरणं कमी नाहीत. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेतल्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये स्पायफोन या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला देखरेखीच्या धंद्यातूनच बाहेर काढलं, त्यात माहिती नीट न सांभाळणं हाही एक आरोप होता.

तीन महिन्यांनी एका रात्री जेवताना वडील सहज बोलून गेले, “तुझ्या त्या मैत्रिणीच्या घरी आता बरं आहे का गं? तिचे वडील...” आणि थांबले. त्या मैत्रिणीच्या वडिलांचं पिणं सायलीला एकटीला माहीत होतं, तेही आदल्या आठवड्यात रात्री एक वाजता आलेल्या मेसेजवरून. सायली काहीच बोलली नाही. ताट तसंच ठेवून खोलीत गेली आणि फोनच्या सेटिंगमधली एकेक यादी उघडत बसली. ‘सिस्टिम सर्व्हिस’ नावाचं, दातेरी चाकाचं चिन्ह असलेलं काहीतरी ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत चालू होतं. खऱ्या सिस्टिमचा भाग ‘डाउनलोड केलेली ॲप्स’ या मथळ्याखाली येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं ते काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो फोन ती फक्त अभ्यासाच्या ग्रुपसाठी वापरायला लागली, आणि खरं बोलणं एका मैत्रिणीनं दिलेल्या जुन्या हँडसेटवर गेलं. डॅशबोर्ड छान शांत झाला. वडिलांना वाटलं, पोरगी मार्गी लागली.

जुना हँडसेट आईला गादीखाली सापडला तेव्हा ते तिघं आले.

अशा वेळी सगळ्यांना एकदम समोरासमोर बसवत नाहीत. वडिलांशी पहिली बैठक एकट्यानं झाली. त्यांना एक कागद दिला. डाव्या बाजूला लिहायचं, तीन महिन्यांत काय कळलं. उजव्या बाजूला, त्यावर काय केलं. डावीकडे अकरा ओळी झाल्या: चाचणीतले लपवलेले गुण, एक मुलगा ‘बरा आहे’ असं तिचं मत, आत्याच्या टोमण्यांचा राग, मैत्रिणीच्या घरचं. उजवीकडे दहा ओळी कोऱ्या होत्या. अकराव्या ओळीसमोर ‘जेवताना विचारलं’ एवढंच.

गुपचूप मिळवलेल्या माहितीची मुख्य अडचण इथेच आहे. ती वापरता येत नाही. गुणांबद्दल विचारलं तर ‘तुम्हाला कसं कळलं’ हा प्रश्न येणार. न विचारावं तर रात्री झोप नाही. ॲप नसतं तर हा बाप आडून-आडून का होईना, काहीतरी विचारत राहिला असता, कारण त्याला माहीत नसतं. माहीत झाल्यावर त्यानं विचारणंच सोडलं.

त्या कागदावरची आठवी ओळ निराळी होती. एका अनोळखी खात्यावरून सायलीला ‘फोटो पाठव ना’ असा मेसेज आला होता. वडिलांनी त्यापुढच्या तीन रात्री पुढचे मेसेज शोधण्यात घालवल्या. पुढे काही नव्हतंच. सायलीनं ते खातं दोन मिनिटांत ब्लॉक केलं होतं, पण ॲप अक्षरं उचलतं, ब्लॉकचं बटण दाबलेलं डॅशबोर्डवर दिसत नाही. मुलगी धोका ओळखून नीट वागली, त्याची शाबासकी तिला मिळाली नाही आणि बापाला मिळाली ती फक्त धास्ती.

फोन कुणाच्या पैशांचा, हा मुद्दा सायलीच्या बैठकीत आलाच नाही. ॲपचा राग तर होताच, पण तिला सगळ्यात जास्त लागलं होतं ते झोपेत बोट वापरल्याचं. आणि मैत्रिणीचं. “तिनं मला सांगितलं होतं, बाबांना नाही.” संमतीचा हा भाग मोठ्यांच्या हिशेबात सहसा येत नाही: एका फोनवर नजर ठेवली की पलीकडच्या वीस-पंचवीस जणांचं बोलणंही वाचलं जातं, आणि त्यांतल्या कुणालाच विचारलेलं नसतं. हँडसेटची मालकी विकत घेता येते, त्यावरच्या गप्पांची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १६ वं कलम मुलांच्या खासगीपणाबद्दलच आहे. मुलांच्या डिजिटल जगाबद्दल बालहक्क समितीनं २०२१ मध्ये जी टिप्पणी दिली, तिच्यात पालकांची देखरेख गरजेच्या प्रमाणात आणि मुलाच्या वाढत्या समजुतीला धरून असावी असं म्हटलं आहे. देखरेख नको, असं त्यात कुठेच नाही.

तिसऱ्या बैठकीत ॲप काढलं. फोन सायलीच्या हातात, आणि वडील शेजारी बसून सांगणार, असं ठरवलं. क्रम महत्त्वाचा असतो. ‘अनइन्स्टॉल’ दाबायला गेलं तर बटण राखाडी दिसत होतं, कारण ॲपला डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनच्या कारभाऱ्याचा, हक्क दिलेला होता. सुरक्षा विभागातल्या ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मध्ये जाऊन तो आधी काढला, मग ॲक्सेसिबिलिटी बंद, मग नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी बंद, आणि त्यानंतर ॲप. पुढे प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून प्ले प्रोटेक्टचं स्कॅनिंग पुन्हा चालू केलं, आणि ब्राउझरला दिलेली ‘अनोळखी ॲप्स इन्स्टॉल’ करण्याची मुभा काढून घेतली. पासवर्ड सगळ्यात शेवटी बदलले. घाईनं ते आधी बदलले तर टाइप होणारा नवा पासवर्डही त्याच डॅशबोर्डवर जाऊन बसतो. गूगल खात्यातली ‘तुमची डिव्हाइस’ आणि व्हॉट्सॲपमधली ‘लिंक केलेली डिव्हाइस’ या दोन याद्याही पाहिल्या. दुसरीत घरचा लॅपटॉप निघाला, तो सायलीनंच जोडलेला होता.

आयफोन असता तर शोध वेगळ्या दिशेनं करावा लागला असता. तिथे बऱ्याचदा फोनमध्ये ॲप नसतंच, ॲपल खात्याचा पासवर्ड माहीत असलेला माणूस बॅकअपमधून वाचत असतो. अशा वेळी पासवर्ड बदलणं, खात्याला जोडलेली डिव्हाइस तपासणं आणि आयओएस १६ पासून आलेली ‘सेफ्टी चेक’ ही सोय (आपली माहिती कुणाला दिसते ते पाहून थांबवणारी) वापरणं, हा मार्ग.

एक गोष्ट मात्र इथे ठळकपणे सांगायला हवी. वरचा क्रम या घरापुरता ठीक होता, कारण इथे मारहाणीची किंवा धमकीची भीती नव्हती. नजर ठेवणारा नवरा, जोडीदार किंवा हिंसक नातेवाईक असेल तर ॲप लगेच काढू नये. ते गायब होताच त्याला कळतं, आणि राग त्याच क्षणी उसळतो. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून मदत मागावी, संशयास्पद सेटिंगचे फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यानं काढून ठेवावेत (तोच पुरावा असतो), सुरक्षित राहण्याची सोय ठरवावी, आणि मग फोनला हात लावावा. फॅक्टरी रीसेटचं, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा करण्याचंही तसंच: पुरावा जातो, आणि खात्याचा पासवर्ड दुसऱ्याला माहीत असेल तर दार उघडंच राहतं. सज्ञान माणसाच्या फोनवर लपून ॲप टाकणं अनेक देशांत सरळ गुन्हा आहे. तिथे ‘काळजीपोटी’ हे कारण चालत नाही.

सायलीच्या घरी देखरेख संपली नाही, उघडी झाली. गूगलचं फॅमिली लिंक लावलं. ते लपत नाही, ॲपला परवानगी देता-नाकारता येते, ठिकाण दिसतं, मेसेज मात्र वाचता येत नाहीत. बाकी सगळं एका पानावर लिहिलं. रात्री साडेदहाला घरातल्या सगळ्यांचे फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला, वडिलांचाही. (या अटीवर वडीलच सगळ्यात जास्त कुरकुरले.) तिचं ठिकाण आईवडिलांनी पाहिलं तर त्याच दिवशी तिला सांगायचं. मेसेज वाचायचे नाहीत, अपवाद तीन: जिवाला धोका, मोठ्या माणसाकडून फोटोची किंवा एकटं भेटण्याची मागणी, आणि पैशांसाठी धमकी. त्या वेळीही फोन तिच्या समोर, तिच्याच हातानं उघडायचा. सहा आठवड्यांनी पुन्हा बसायचं आणि वय वाढेल तशी एकेक अट काढायची.

‘संशय आल्यास फोन तपासता येईल’ असं वाक्य वडिलांना हवं होतं. ते घेतलं नाही. संशय येणं ही वडिलांची अवस्था झाली, मुलीनं काय केलं हे त्यातून कळत नाही. असल्या सैल शब्दांवर असे करार महिन्याभरात मोडतात.

मैत्रिणीचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. तिला सांगायचं की नाही, हे सायलीवर सोडलं. तिथे कुणी मुलीवर हात टाकत नाही ना, एवढं तिला स्पष्ट विचारलं, आणि तसं असेल तर गुपित गुपित राहणार नाही हेही आधीच सांगितलं. तिनं मैत्रिणीला चार दिवसांनी सगळं सांगितलं. मैत्रीण महिनाभर अबोला धरून होती. ते भरून काढायचं साधन समुपदेशकाकडेही नसतं.

सहा आठवड्यांच्या बैठकीला वडील फोन पुढे करत आत आले. त्यांनी वर्गणी बंद केली होती, पण डॅशबोर्डवरचं खातं आणि तीन महिन्यांचा साठा तसाच राहिला होता. कंपनीचा मेल आला होता: इतके दिवस फोनशी संपर्क नाही, परत या, अर्ध्या किमतीत. मथळा होता, ‘तुमचं मूल आत्ता कुठे आहे?’ मूल शेजारच्या खुर्चीत होतं. वडिलांनी खातं उघडून फोन तिच्याकडे दिला. साठा खोडण्याचं बटण चार पानं आत लपवलेलं होतं, ते तिनंच शोधलं. मग दोघांनी मिळून, आमची सगळी माहिती नष्ट केल्याचं लेखी कळवा, असा मेल कंपनीला लिहिला. मजकूर तिचा, खाली सही वडिलांची.